शाल त्याला, ओटी तिला: वारली कलाकार निवडणाऱ्या सगळ्या कमिट्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मंडळी म्हणजे कोण ते आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी अंग काढून घ्यायला नको. शहरातल्या भिंती रंगवायची टेंडरं काढणारे, कंपन्यांचे सीएसआरवाले, कला महोत्सवांच्या सिलेक्शन कमिट्या, परदेशी रेसिडेन्सीसाठी (म्हणजे तिथे जाऊन, राहून काम करायची संधी) नावं सुचवणारे क्युरेटर, हस्तकलेचे मेळे भरवणारे साहेब लोक आणि शाळा-कॉलेजात "एक दिवसाचं वारली वर्कशॉप" ठेवणारे आमचे ड्रॉइंग टीचर. मी पालघरकडची, डिझायनर आहे, तुमच्यातल्या बऱ्याच जणांसाठी काम केलंय आणि अजूनही करते, म्हणजे मी काही बाहेर उभी राहून दगड मारत नाहीये. थोडं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मुद्दा एकच आहे. वारली चित्र मुळात बायकांचं काम. आणि तुमच्या बॅनरवर, कॅटलॉगमध्ये, विमानाच्या तिकिटावर बाई जवळपास नसतेच. हे आपोआप झालं नाही, ते निवडीच्या टेबलावर होतं आणि रोज होतंय.

ज्यांनी फक्त कुर्त्यावरचं किंवा कपावरचं वारली पाहिलंय त्यांच्यासाठी सांगते. वारल्यांच्या घरात लग्न असलं की आतल्या भिंतीवर चौक लिहितात. भिंत कुडाची, कारवीच्या काठ्यांची, ती शेणाने सारवून वर गेरू. तांदूळ वाटून त्याचं पांढरं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी घ्यायची, टोक चावून चावून मऊ करायचं, झाला ब्रश. लिहिणाऱ्या सवाशिणी, म्हणजे लग्न झालेल्या, नवरा हयात असलेल्या बायका. आधी बाहेरचा चौकोन, त्याला साखळ्या, ठिपके, नागमोडी रेघा अशा एकात एक पट्ट्या, त्यातच अर्धा वेळ जातो. आणि मध्ये पालघट देवी, सुफलतेची. शेजारच्या छोट्या देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या, पाच डोक्यांचा देव. एकीकडे धवलेरी गाणं म्हणत असते, लग्न लावणारी तीच. हो, वारल्यांत लग्न लावायला बाई असते, आपल्याकडे आत्ता कुठे महिला पुरोहितांच्या बातम्या पेपरात येतात आणि आपण स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतो, त्या हिशोबाने हे लोक किती पुढे होते बघा. तर हा चौक झाल्याशिवाय लग्न नाही. कच्चं स्केच नाही, पट्टी नाही, खोडरबर नाही. आणि खाली सही नाही, कारण ते कुणा एकीचं नसतंच.

मग कागद आला.

भास्कर कुलकर्णी हे नाव चित्रकलेच्या बाहेर फार कुणाला माहीत नाही, माहीत असायला हवं. मराठी चित्रकार, विणकर सेवा केंद्राशी जोडलेला माणूस. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात, हस्तकलांसाठी झटणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यांना मधुबनीला (मिथिला भागात) पाठवलं, तिथल्या बायका भिंतीवर जे काढतात ते कागदावर काढून घ्या, विकलं गेलं तर हातात चार पैसे येतील, असा साधा सरळ विचार. ते जमलं. मग ७० च्या दशकाच्या सुरुवातीला तेच कुलकर्णी डहाणूकडे आले, आमच्याकडे, तसेच कागद घेऊन. आता इथे लक्ष द्या, कारण माणूस तोच, कल्पना तीच, चित्र दोन्हीकडे बायकांचंच आणि दोन्हीकडे लग्नातलंच (मैथिली घरात कोहबर, म्हणजे नवरा-नवरीच्या खोलीतल्या भिंतीवरचं चित्र, वारली घरात चौक), आणि रिझल्ट मात्र बरोबर उलटा.

मधुबनीकडे जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री, सीता देवींना १९८१, गंगा देवींना १९८४. गंगा देवी अमेरिकेला गेल्या आणि तिथला रोलर कोस्टर त्यांनी आपल्या त्याच कोहबरच्या बारीक रेघेत काढला, मला त्या चित्राचं फार कौतुक आहे, बाई परदेशात जाऊन भारावून वगैरे गेली नाही, तिने अमेरिकेलाच आपल्या पद्धतीने बसवलं. पुढे कॅन्सर झाला तर हॉस्पिटल काढलं. नंतरच्या दुलारी देवींचं तर माहीतच असेल, मल्लाह समाजातली बाई, चित्रकार बायकांच्याच घरी धुणीभांडी करायची, तिथेच बघत बघत शिकली, २०२१ मध्ये पद्मश्री.

आणि आमच्याकडे? जिव्या सोमा म्हसे. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २००९ चा नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११ ला पद्मश्री. त्याच २०११ च्या यादीत बिहारच्या महासुंदरी देवी आहेत. १९८९ मध्ये पॅरिसला पाँपिदू सेंटरचं ते जगभर गाजलेलं प्रदर्शन झालं, त्यात मिथिलेतून गेल्या बउआ देवी आणि महाराष्ट्रातून जिव्या म्हसे. एकाच प्रदर्शनात बायकांच्या दोन कला, एकीकडून बाई आलेली आणि दुसरीकडून पुरुष.

लगेच चिडू नका. जिव्याबाबांचं मोठेपण कमी करायला मी बसलेली नाही, आणि कुणी केलं तर मीच भांडेन. कागद आधी बायकांनाच दिले गेले, त्या संकोचल्या, आणि कलंबीपाड्याचा हा तरुण मात्र काढायला लागला तो थांबलाच नाही, असं सांगतात. लहानपणी आई गेली, पोराचं बोलणं बंद झालं, तो मातीत चित्रं काढून लोकांना सांगायचा, हेही त्यांच्याबद्दल सगळीकडे सांगितलं जातं. आणि त्यांनी केलं काय ते बघा, जे काम पुरुषाने हातात घ्यायचंच नाही ते घेतलं, वर लग्न नसताना, कुठलाही सण नसताना, नुसतं मनाला वाटलं म्हणून काढलं. चौकाच्या चौकटीतून बाहेर पडून मासे पकडायचं जाळं, भाताची खळी, मुंग्यांचं वारूळ, आगगाडी, सगळं आणलं. याला क्रिएटिव्हिटी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? बाईचं काम पुरुषाने केलं म्हणून नाक मुरडायचं असेल तर मग बालगंधर्वांचं काय करणार आपण, त्यांच्या शालूची चर्चा तर अजून चालू आहे.

प्रश्न जिव्याबाबांच्या पुढचा आहे. एका पुरुषाने दार उघडलं, ठीक. मग त्या दारातून पुढची पन्नास वर्षं पुरुषच का जात राहिले?

तुम्हाला हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं असतं, "अहो बायका पुढे येतच नाहीत, लाजतात, घरून सोडत नाहीत." मी हे इतक्या मीटिंगमध्ये ऐकलंय की आता पाठ झालंय. मग मिथिलेचं काय सांगाल? तिथल्या त्या सुरुवातीच्या बहुतेक बायका ब्राह्मण-कायस्थ घरातल्या, पडद्यातल्या, परक्या पुरुषासमोर यायचं नाही अशा. आणि वारली बाई? ती आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, शेतात असते, लाकडाची मोळी घेऊन डहाणूच्या बाजारात येते, वीटभट्टीवर नवऱ्याच्या बरोबरीने विटा थापते, पहाटेच्या लोकलने भाजीची टोपली घेऊन बोरिवलीपर्यंत जाते. तिला कोण घराबाहेर सोडत नाही? पडद्यातली बाई पॅरिसला पोचते आणि रानात एकटी फिरणारी बाई तुमच्या ठाण्याच्या ऑफिसपर्यंत पोचत नाही, तर गोची बाईत नाहीये ना.

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. मिथिलेत कागद घरात गेला, चूल-उंबऱ्याच्या आत, घेणारे दारात आले. (तिथेही सगळं गोड नव्हतंच, मधले दलाल पुरुषच होते, आणि दुसाध या दलित जातीतल्या बायकांची गोदना शैली (गोंदणावरून आलेली), चानो देवींची वगैरे, लोकांना दिसायला आणखी बराच काळ जावा लागला, म्हणजे जात होतीच.) आपल्याकडे मात्र कला मागायची पद्धत अशी बसली की ज्याला शहरात येता येतं, मराठी-हिंदी बोलता येतं, साहेबासमोर खुर्चीत बसता येतं, फॉर्म भरता येतो, तो कलाकार. मग घरातला जो माणूस एरवी तलाठ्याकडे जायचा तोच गॅलरीत गेला. घरचा स्वयंपाक बाईचा आणि लग्नाच्या मांडवातला आचारी पुरुष, तसं.

आता एक प्रसंग. नाव कुणाचंच घेत नाही. एका ऑफिसची लॉबी रंगवायची होती, मोठी भिंत, कलाकार नवरा-बायको दोघं आलेले. कागदोपत्री तो. ती "हेल्पर", तिचा रोज वेगळा लावलेला, पुट्टी मारायला आलेल्या पोराइतकाच. थीम काय तर लग्नाचा चौक, कारण साहेबांना "ऑथेंटिक" हवं होतं. तो शिडीवर, ती खाली फरशीवर उकिडवी बसून पट्ट्या भरतेय. भरतेय म्हणजे कशी, वरचा त्रिकोण, त्याच्या टोकाला टोक लावून खालचा त्रिकोण, पुढचा, पुढचा, हात न उचलता, सात-आठ फूट लांबीत एकाही त्रिकोणाचा साइज हललेला नाही, मी माझ्या लॅपटॉपवर ग्रिड टाकून जे करते ते ही बाई नुसत्या डोळ्याने करत होती. मध्येच वरून तो विचारतो, इथे साखळी की ठिपके? ती मान वर न करता सांगते. पुन्हा विचारतो, देवीच्या हाताशी काय येतं? ती सांगते. एकदा तर त्याने घाईत काहीतरी वेगळं काढलं तेव्हा ती उठली, ओल्या फडक्याने ते पुसलं आणि पुन्हा खाली बसली. तो हसला, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, त्यांच्या घरात ते तसंच चालतं. वावगं होतं ते आमच्या कागदावर.

उद्घाटनाला त्याला शाल, श्रीफळ आणि चेक. आणि तिला? खणा-नारळाने ओटी भरली, कुंकू लावलं. ज्या मॅडमनी भरली त्यांनी अगदी मनापासून भरली, मला त्यांच्या हेतूवर शंका नाही. पण चौक जिचा, देवी जिला माहीत, तिचा सत्कार कुणाची तरी बायको म्हणून झाला आणि मग सगळे नाश्त्याकडे वळले. भिंतीवर ब्रासची पाटी आहे अजून, एकच नाव.

आता सांस्कृतिक देवाणघेवाणीबद्दल, कारण तुमच्या ब्रोशरमध्ये हा शब्द पहिल्याच ओळीत असतो. देवाणघेवाण झाली, खरंच झाली, आणि छान झाली. जपानमध्ये निगाताजवळ तोकामाचीला मिथिला म्युझियम आहे, हासेगावा नावाच्या गृहस्थांनी बंद पडलेल्या शाळेत ते उभं केलं, तिथे मधुबनीचे आणि वारलीचे दोन्हीकडचे कलाकार जाऊन, राहून, काम करून आलेत. गंजाडच्या शाळांच्या भिंतींवर जपानी कलाकार येऊन रंगवून गेलेत. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकाराचं आणि जिव्याबाबांचं एकत्र प्रदर्शन झालं, एक जण माळरानावर चालत चालत दगडांची वर्तुळं मांडणारा आणि एक शेणाने सारवलेल्या कापडावर वर्तुळं काढणारा, ही जोडी ज्याला सुचली त्याला मानलं.

पण या सगळ्यात बाहेर गेलं काय आणि घरात राहिलं काय? बाहेर गेली गोष्ट, जंगल, जाळं, आणि सगळ्यात जास्त तारपा नाच (तारपा म्हणजे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य). तारपा वाजवणारा मध्ये आणि त्याच्याभोवती गोल गोल फिरणारी माणसं, हा आता वारलीचा लोगोच झालाय, एअरपोर्टपासून उशीच्या खोळीपर्यंत. वाजवणारा पुरुष. पालघट देवी तुम्ही उशीवर बघितलीय का कधी? नाही, आणि माझं म्हणणं ती तिथे यावी असंही नाही. पूजेची गोष्ट आहे, ती कपावर छापायची की नाही हे त्या सवाशिणींनी ठरवावं, उद्या त्या नाही म्हणाल्या तर नाही. फक्त त्यांना कुणी विचारलेलंच नाही. २०१४ मध्ये आदिवासी युवा सेवा संघाच्या खटपटीमुळे वारली चित्राला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, फार मोठं काम झालं ते, नक्कल करणाऱ्यांना थोडा तरी धाक बसला. पण टॅग समाजाचं नाव राखतो, घरातल्या घरात नाव कुणाचं लागतं ते टॅगला कसं कळणार, ते तुमच्या हातात आहे.

आणि धवलेरी तर कुठेच गेली नाही. चौक आणि गाणं एकाच वेळी होतं, गाण्यात गोष्ट असते तीच भिंतीवर उतरते, आपण भिंत उचलली आणि गाणं मागे ठेवलं. जे विकता येतं त्याला आर्ट म्हटलं आणि जे विकता येत नाही त्याला रीतभात. पैसे, पासपोर्ट, पुरस्कार सगळं आर्टला.

तर आता करायचं काय. मला भाषण ठोकायचं नाहीये, माझ्या टेबलावरून दिसतं तेवढं सांगते.

तुमचा फॉर्म बदला पहिला. "मागच्या पाच वर्षांतली प्रदर्शनं, पुरस्कार, कात्रणं, पोर्टफोलिओची पीडीएफ" हे मागितल्यावर बाई कुठून आणणार, तिचं सगळं काम नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या सहीखाली गेलंय. त्यापेक्षा एक दिवस पाड्यावर जा, भिंत द्या, काढायला सांगा, बघा. मी पाहिलेल्या घरांत कारागीर ओळखपत्रसुद्धा बहुतेक पुरुषाचंच काढलेलं, म्हणजे कार्डावर निवड केली की संपलाच विषय. दोघं मिळून काम करत असतील तर वर्क ऑर्डरवर दोन नावं, दोन अकाउंट, दोन रकमा. "घरात एकच आहे हो पैसा" हे कृपा करून मला सांगू नका, तुमच्या घरात नवरा-बायको दोघांचा पगार एकाच्या खात्यात जातो का?

तारखा तर तुम्ही कशा काढता मला कधी समजलेलं नाही. ८ मार्च आला की सगळ्यांना एकदम "ट्रायबल विमेन आर्टिस्ट" हव्या असतात, आणि त्या वेळी कितीतरी घरं वीटभट्टीवर असतात, भिवंडी, वसई, गुजरात, दिवाळीनंतर गेलेली थेट पावसाच्या तोंडाला येणार. मग ज्या दोघी-तिघी फोनवर सापडतात त्यांनाच दरवर्षी स्टेजवर उभं करायचं आणि फोटो काढायचा. दुसरा तुमचा आवडता महिना जुलै, पावसात "मान्सून आर्ट रेसिडेन्सी", रोमँटिक, आणि तेव्हा आवणी, बाई चिखलात गुडघाभर पाण्यात वाकलेली. भात कापून झोडून झालं की भट्टीला निघायच्या आत थोडे दिवस असतात, तेव्हा विचारा. भट्टीची उचल घेण्याआधी त्या घराला तुमच्या प्रोजेक्टचा ॲडव्हान्स मिळाला तर कुणी सांगावं, एखादं घर त्या वर्षी भट्टीला जाणारही नाही.

बोलवायचं तर दोघी-तिघींना मिळून बोलवा. चौक एकटीने लिहायची गोष्ट नाही, आणि अनोळखी शहरात एकटीला बोलवलं की सोबत नवरा येतो, मग माइक त्याच्या हातात जातो, हे मी दरवेळी बघितलंय. लहान पोर असेल तर पोरासकट बोलवा, सांभाळायला कुणी असू द्या, हॉटेलचं बिल एका माणसाचं वाढलं तर कंपनी बुडत नाही.

आणि नवीन काय काढायचं त्याची सक्ती नको, जुनंच काढा याचीही नको. हे दुसरं मला जास्त खटकतं. पुरुष कलाकाराने विमान काढलं, मेट्रो काढली, शेअर बाजार काढला की तुम्ही "कंटेम्पररी" म्हणता आणि बाईला मात्र सांगता, ताई तुम्ही तुमचं पारंपरिकच काढा. का बरं? गंगा देवींना रोलर कोस्टर काढता आला ना. मोखाड्याच्या एखाद्या पोरीला तिची आश्रमशाळा काढायची असेल, मोबाइलचा टॉवर काढायचा असेल, बाळंतपणाला नेणारी आणि मध्येच बंद पडलेली जीप काढायची असेल, तर तिलाही चौकाच्या बाहेर पडायचा तेवढाच हक्क आहे जेवढा जिव्याबाबांनी घेतला.

वारली पुरुष कलाकार हे वाचत असतील तर, दादांनो, तुमच्यावर रोख नाही. तुम्हालाही शहरात कसं वागवतात ते मी बघितलंय, चहा वेगळ्या कपात आणि मानधनासाठी सहा महिने फेऱ्या. तुमच्यातले काही जण आता आईचं, बायकोचं नाव आपल्या नावाशेजारी लिहायला लागलेत, तेही बघितलंय. कमिटीवाल्यांना मात्र ते दुसरं नाव कुठल्या रकान्यात टाकायचं ते कळत नाही, मग ते गाळतात, "फॉरमॅटमध्ये बसत नाही" म्हणून.

येत्या सीझनच्या निवडीचे कागद माझ्याकडे डिझाइनला येतात तुमच्यातल्या काही जणांचे. या वेळी बॅनरची फाइल पाठवाल तेव्हा दोन्ही नावं लिहून पाठवा, तिचं पूर्ण नाव, "सौ." आणि "यांच्या पत्नी" न लावता. नाही आलं तर मी फोन करून विचारणार आहे, आणि उत्तर येईपर्यंत फाइल प्रेसला जाणार नाही, त्यामुळे शेवटच्या क्षणी धावपळ नको असेल तर आत्ताच पाड्यावर विचारून घ्या.

कळावे,
पालघरहून, तुमची बॅनरं करणारी एक डिझायनर